शून्य रुपयांत उघडणारं खातं किती रुपयांना पडतं?

'एनआरआय खातं, उघडण्याचं शुल्क शून्य', असं बँकांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. इंग्लंडात रेडिंगला राहत असताना मी असंच एक खातं उघडलं आणि ते मला तेरा हजारांना पडलं. पासपोर्टची ट्रू कॉपी करून द्यायला नोटरीने साठ पौंड घेतले. कागद पुण्याला पाठवायचे कुरिअरचे चाळीस पौंड झाले. तीन आठवड्यांनी बँकेचा निरोप आला की सही जुळत नाही. पासपोर्टवरची माझी सही देवनागरीत, कॉलेजात असताना केलेली, आडनावाला लांब शेपटी असलेली. अर्जावर मात्र ऑफिसातल्या सवयीने इंग्रजी सही ठोकली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा चाळीस पौंड. पौंड तेव्हा पंचाण्णव रुपयांच्या आसपास होता, हिशेब तुम्हीच करा.

खातं उघडायला बँक खरोखरच काही घेत नाही. पैसे जातात ते कागदपत्रांत, चलनाच्या दरात आणि सगळ्यात जास्त म्हणजे चुकीच्या खात्यात पैसे ठेवल्यामुळे कापल्या जाणाऱ्या करात. परदेशातून भारतात खातं उघडायचं असेल तर कुठे किती खर्च येतो, हे एकेक करून पाहू. बँकांचे दर बदलत राहतात, म्हणून इथले आकडे अंदाजासाठी धरा आणि अर्ज भरण्याआधी बँकेचं 'शेड्यूल ऑफ चार्जेस' उघडून बघा. ते प्रत्येक बँकेला जाहीर करावंच लागतं.

आधी जुन्या खात्याचं बघा

नोकरीला म्हणून परदेशी गेलेले अनेक जण पुण्या-मुंबईतलं पगाराचं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवतात. भाडं त्यात येतं, एलआयसीचा हप्ता त्यातून जातो, कुणी काही विचारत नाही. पण १९९९च्या फेमा कायद्याप्रमाणे अनिवासी माणसाला साधं निवासी बचत खातं ठेवता येत नाही. ते एनआरओ प्रकारचं करून घ्यावं लागतं (प्रकारांबद्दल पुढे सांगतो). इथे एक गोंधळ हमखास होतो. आयकर खातं दिवस मोजतं, १८२ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. फेमा मात्र हेतू बघतं. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडलात की तुम्ही लगेच अनिवासी. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये याच गटात धरलं. म्हणून 'अजून १८२ दिवस कुठे झालेत?' हे उत्तर बँकेच्या शाखेत चालत नाही.

नियमभंगाची रक्कम मोजता येत असेल तर फेमात तिच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. कुणाला घाबरवायला हे सांगत नाही. जुनं खातं बदलून घ्यायला बहुतेक बँका काहीच आकारत नाहीत, मग हा धोंडा पायाशी ठेवायचा कशाला, एवढंच म्हणणं. फक्त एक प्रश्न आधी विचारा: खातेक्रमांक तोच राहणार की बदलणार? काही बँकांत तो बदलतो. मग एसआयपी, विम्याचा हप्ता, गृहकर्जाचा ईएमआय सगळे त्या महिन्यात परत जातात आणि प्रत्येक परत गेलेल्या हप्त्यामागे बँक काहीशे रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी कापते. चार हप्ते असतील तर दीड-दोन हजार सहज गेले. आधी नव्या खात्यावर मँडेट करून घ्या, मग जुनं बदला.

एनआरई की एनआरओ

सगळ्या खर्चाचं मूळ या एका निवडीत आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

एनआरई खात्यात परदेशातून आलेले पैसे जातात. खातं रुपयांत असतं, पण मुद्दल आणि व्याज दोन्ही हवं तेव्हा, हवं तितकं परदेशी परत नेता येतं. व्याजावर भारतात कर नाही. एनआरओ हे भारतातल्या कमाईचं खातं: फ्लॅटचं भाडं, लाभांश, पेन्शन, वडिलांनी दिलेले पैसे. यातल्या व्याजावर बँक ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते, आणि तोही पहिल्या रुपयापासून. तिसरं एफसीएनआर. ते बचत खातं नसून डॉलर, पौंड, युरो अशा परकीय चलनातली एक ते पाच वर्षांची मुदत ठेव असते. परतफेड त्याच चलनात होते, त्यामुळे रुपया घसरण्याची धास्ती नाही.

फरक किती पडतो ते बघा. दहा लाखांची ठेव, दर समजा साडेसहा टक्के. वर्षाचं व्याज ६५ हजार. एनआरईत ते पुरतं हातात येतं. एनआरओत २०,२८० रुपये आधीच कापले जातात. खात्याच्या नावातल्या शेवटच्या एका अक्षराची ही किंमत.

ही चूक कशी घडते तेही सांगतो. घाईत एकच खातं उघडलं जातं, बहुधा एनआरओ, कारण जुनं खातं बदलून ते मिळालेलं असतं. मग परदेशातला पगारही त्यातच येऊ लागतो. बँक अडवत नाही, कारण एनआरओत परदेशी पैसा चालतो. एनआरईतून एनआरओत पैसे टाकणं एका क्लिकचं काम आहे, पण उलटी वाट कागदपत्रांची. तेव्हा दोन्ही खाती एकाच अर्जात उघडा. उलट एनआरईत भारतातले रुपये भरता येत नाहीत. भावाने गावच्या आंब्याचे पैसे तुमच्या एनआरईत टाकायचे म्हटले तर ते चालणार नाही, एनआरओतच जातील.

एनआरई मुदत ठेव किमान एक वर्षाची असते. वर्षाच्या आत मोडली तर काहीच व्याज मिळत नाही. तीन महिन्यांत घराच्या बुकिंगला पैसे लागणार असतील तर ते बचत खात्यातच राहू द्या.

कागद आणि त्यांचे दर

लागतं काय? पासपोर्ट, व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्डही. दुबईत राहणाऱ्या माझ्या भाच्याने पत्त्यासाठी घरभाड्याचा इजारी करार दिला. इंग्लंडात कौन्सिल टॅक्सचं बिल चालतं. घर कुणा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण एका खोलीत, अशी स्थिती असेल तर अडचण होते. तेव्हा स्थानिक बँकेचं स्टेटमेंट कामी येतं, म्हणून तिथलं खातं आधी उघडलेलं बरं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत बोटीवर काम करणारी असंख्य घरं आहेत. खलाशांना परदेशात पत्ता नसतोच. त्यांच्यासाठी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि कंपनीचं कामाचं करारपत्र चालतं. आयकर खात्याच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, अनिवासी असलेल्या खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार भारतातल्या एनआरई खात्यात जमा झाला, केवळ एवढ्यावरून तो इथे करपात्र ठरत नाही. दिवस मात्र नीट मोजा आणि सीडीसीवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवा.

पॅन नसेल तर फॉर्म ६० देऊन खातं उघडतं, पण पुढे ठेव, म्युच्युअल फंड, विवरणपत्र सगळं पॅनपाशी येऊन अडतं. कार्ड भारतातल्या पत्त्यावर मागवलं तर १०७ रुपये आणि परदेशी पत्त्यावर १,०१७, असा दर बरीच वर्षं आहे. आईच्या पत्त्यावर मागवा, नऊशे रुपये वाचतील. पॅन आधीच असेल तर आयकर पोर्टलवर तुमची नोंद 'अनिवासी' आहे का तेवढं बघा. आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण २०२३ मध्ये कित्येकांची पॅन निष्क्रिय झाली ती केवळ पोर्टलवर ते अजून 'निवासी' म्हणून नोंदलेले होते म्हणून. दुरुस्ती फुकट होते, पण महिने जातात.

खरा खर्च साक्षांकनाचा. इंग्लंडात नोटरी हा महाग माणूस, साठ-ऐंशी पौंडांपासून पुढे. अमेरिकेत उलट: कॅलिफोर्नियात सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेण्याची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. पण त्याच कॅलिफोर्नियातल्या नोटरीला पासपोर्टची ट्रू कॉपी प्रमाणित करून देण्याची मुभा नाही. तिथे आपणच 'ही प्रत खरी आहे' असं निवेदन लिहायचं आणि त्यावरच्या आपल्या सहीला नोटरीचा शिक्का घ्यायचा. तसं चालेल का, हे आपल्या बँकेला ईमेलने विचारून घ्या आणि उत्तर छापून सोबत जोडा. भारतीय दूतावासातही साक्षांकन होतं. फी असते आणि अपॉइंटमेंटला एक दिवस मोडतो.

परदेशात बसून सगळ्यात स्वस्त वाट आपल्याच बँकेच्या परदेशी शाखेची किंवा प्रतिनिधी कार्यालयाची. बँक ऑफ बडोदाच्या अमिरातीत शाखा आहेत, स्टेट बँकेचा लंडनमध्ये कारभार आहे, मोठ्या खासगी बँकांची दुबईत कार्यालयं आहेत. तिथे मूळ कागद दाखवला की 'ओरिजिनल सीन अँड व्हेरिफाइड'चा शिक्का मिळतो, आणि त्या बँकेत खातं उघडत असाल तर बहुधा फुकट. मला हे नोटरीला साठ पौंड दिल्यावर कळलं.

याहून स्वस्त एकच गोष्ट आहे, सुट्टीत घरी आल्यावर शाखेत जाऊन खातं उघडणं. मूळ पासपोर्ट समोर ठेवायचा, ना नोटरी, ना कुरिअर. 'व्हिडिओ केवायसी करून घेऊ' म्हणणाऱ्यांनी आपल्या बँकेला नक्की विचारावं. या सोयीत भारताबाहेरून येणारी जोडणी अडवण्याची व्यवस्था बँकांना ठेवावी लागते, त्यामुळे परदेशातून ती बरेचदा पुढे सरकतच नाही.

खातं उघडल्यावर

किमान शिल्लक हा पुढचा खड्डा. खासगी बँकांच्या साध्या एनआरआय खात्याला शहरात साधारण दहा हजार रुपये सरासरी शिल्लक लागते. 'प्रीमियम' आणि 'प्रायॉरिटी' म्हटलं की आकडा लाखांत जातो. बदल्यात रिलेशनशिप मॅनेजर मिळतो. तो वाढदिवसाला फोन करतो आणि विम्याची पॉलिसी विकतो. माझं मत स्पष्ट आहे: पगारदार माणसाला त्या खात्याची गरज नाही. दोन खाती म्हणजे दोनदा किमान शिल्लक, हे मात्र विसरू नका. एनआरई आणि एनआरओ मिळून हिशेब धरतात का, ते विचारा. काही बँका धरतात. शिल्लक कमी पडली तर दंड होतो, पण दंड कापून खातं उणे करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा चालू करायला १ एप्रिल २०२४ पासून बँकेला पैसे घेता येत नाहीत. कुणी मागितले तर हे सांगा.

डेबिट कार्डाला वर्षाला दीडशेपासून पाचशे रुपये अधिक जीएसटी. ते परदेशात मात्र वापरू नका. तिथल्या एटीएममधून काढलेत तर दर वेळी शंभर-दीडशे रुपये आणि वर सुमारे साडेतीन टक्के चलनाचा अधिभार. हे कार्ड भारतात आल्यावर रिक्षा-किराण्यापुरतं, आणि तिथे तर आता यूपीआय चालतं. एनआरई-एनआरओ खात्याला परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय जोडण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली, सुरुवातीला अमेरिका, इंग्लंड, अमिराती, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया यांच्यासह दहा देशांना. त्यामुळे ओटीपीसाठी भारतातलं सिम रिचार्ज करत बसण्याचा खर्च अनेकांचा वाचला. खातं उघडतानाच परदेशी क्रमांक द्या. नंतर बदलायचा म्हटला की पुन्हा फॉर्म, पुन्हा सही.

पैसे पाठवताना

'शून्य फी' ही पाटी इथेही भेटते. समजा तुम्हाला दोन हजार पौंड पाठवायचे आहेत आणि बाजारात पौंड १२० रुपयांना आहे. एक सेवा तीन पौंड फी घेते आणि ११९.४०चा दर देते. घरी पोचतात २,३८,४४२ रुपये. दुसरी फी घेत नाही, दर ११७.६० देते, पोचतात २,३५,२००. बिनफीच्या सेवेने ३,२०० रुपयांहून जास्त घेतले आणि तुम्हाला पावतीवर ते दिसलेही नाहीत. म्हणून फी बघू नका, दरही बघू नका. पोचलेले रुपये भागिले पाठवलेलं चलन, एवढाच हिशेब करा आणि दोन-तीन सेवांची तुलना त्याच तासाला करा, कारण संध्याकाळी दर वेगळा असतो.

बँकेतून स्विफ्टने पाठवलं तर मधली बँक दहा-पंचवीस डॉलर वाटेत कापू शकते. लहान रकमेला हे फार लागतं, मोठ्या रकमेला जाणवत नाही. आखातात एक्स्चेंज हाऊस पंधरा-पंचवीस दिरहॅम घेतात आणि दर बरे देतात. चलन बदलताना भारतात जीएसटीही लागतो: लाख रुपयांवर १८०, पाच लाखांवर ५४०, कमीत कमी ४५. ही रक्कम किरकोळ आहे, तिच्यासाठी डोकं खपवू नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून बाहेर पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर आहे, पण तो रोख किंवा मनी ऑर्डरसारख्या साधनांनी पाठवलं तरच. तिथल्या बँक खात्यातून पाठवणाऱ्याला तो लागत नाही.

कापलेला कर परत मिळवणं

एनआरओवर कापलेले ३१.२ टक्के म्हणजे गंगेला मिळाले असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं नाही. भारतातलं तुमचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल (नव्या करप्रणालीत ती २०२५-२६ पासून चार लाख आहे) तर विवरणपत्र भरून सगळा टीडीएस परत मिळतो. वरच्या उदाहरणातले २०,२८० रुपये असे परत येतात. पोर्टलवर स्वतः भरलं तर खर्च शून्य, सीएकडे दिलं तर दोन-तीन हजारांपासून पुढे. निवासींना मिळणारी १२ लाखांपर्यंतची सवलत मात्र अनिवासींना नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

उत्पन्न त्याहून जास्त असेल तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार उपयोगी पडतो. त्याखाली व्याजावरचा दर अमेरिका आणि इंग्लंडसाठी १५ टक्के, अमिरातीसाठी १२.५, जर्मनीसाठी १०. त्यासाठी तिथल्या कर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र दर वर्षी द्यावं लागतं. इंग्लंडात ते फुकट मिळतं. अमेरिकेत अर्जाची फी ८५ डॉलर आहे. डॉलर ९० रुपये धरला तर ७,६५० रुपये झाले, आणि वाचणार १६.२ टक्के. म्हणजे एनआरओचं वर्षाचं व्याज सुमारे ४७ हजारांच्या वर असेल तरच हा उद्योग करा.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. अमेरिकेला त्यावर कर द्यावाच लागतो, आणि परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो. तो भरायला फी नाही, न भरण्याचा दंड मात्र हजारो डॉलरचा आहे.

एनआरओतून परदेशी पैसे नेण्याला आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. गावची जमीन विकली तरी सहसा तिथवर कुणी पोचत नाही. अडतं ते कागदांवर: १५ सीए आणि १५ सीबी नावाने ओळखले जाणारे फॉर्म. दुसऱ्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं, प्रत्येक वेळी काही हजारांचा खर्च. म्हणून थोडं थोडं न नेता वर्षातून एकदा न्या.

कोणती बँक

मराठी माणसाचा जीव सहकारी बँकेत असतो. शाखेत सगळे ओळखीचे, व्याज अर्धा टक्का जास्त. पण अनिवासी खाती उघडायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते, आणि ती सारस्वतसारख्या मोजक्या सहकारी बँकांकडेच आहे. ठेवीचं विमा संरक्षण सगळीकडे सारखंच: प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाख, आणि एनआरई-एनआरओ दोन्ही त्याच पाच लाखांत. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा विम्याला मर्यादा असते, हे अनेकांना फार उशिरा समजलं. पाच लाखांच्या वर ठेवायचं असेल तर बँका दोन करा.

खात्याला भारतातल्या आई किंवा बाबांचं नाव जोडायचं असेल तर ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनेच जोडता येतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' नाही. म्हणजे तुमच्या हयातीत ते सहखातेदार म्हणून चेक काढू शकत नाहीत. त्यांना रोजचे व्यवहार करता यावेत म्हणून बँकेचं मँडेट पत्र द्या. त्याला वकील लागत नाही. परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवलंत तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं, आणि हे काम म्हाताऱ्या आईबाबांच्या अंगावर पडतं. नॉमिनी नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत देता येतात. तो रकाना रिकामा सोडू नका.

बँकेने चुकीचं शुल्क लावलं आणि लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून परदेशात बसूनही तक्रार करता येते. तिला फी नाही.

दिवाळीला किंवा नाताळात घरी येणार असाल तर तेवढं थांबा. येताना मूळ पासपोर्ट, परमिट, पॅन आणि तिथल्या पत्त्याचं ताजं बिल बॅगेत टाका. शाखेत पहिल्याच आठवड्यात जा, म्हणजे काही राहिलं तर निघायच्या आत दुसरी चक्कर मारता येईल. आणि फॉर्मवर सही करण्याआधी पासपोर्ट उघडून तिथली सही एकदा बघून घ्या.